कोणता डेटाबेस शिकायचा: खानापुरात बसून घेतलेला निर्णय

ऑगस्ट २०२५ मध्ये मी बेळगावातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसच्या, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या आणि हवी तशी काढून देण्याच्या, कामावर रुजू झाले. त्याआधी खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी सोसायटीत क्लार्क होते. बीसीए होऊन बरीच वर्षं लोटली होती, मध्ये लग्न, मुलगी, आणि यांची नोकरी गोव्यात असल्यामुळे घर माझ्यावर आणि सासूबाईंवर. या सगळ्यात शिकायला वेळ लागलाच, पण त्याहून जास्त दमवलं ते काय शिकायचं हे ठरवण्यानं. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मोंगोडीबी, रेडिस, कॅसांड्रा: नुसती नावं वाचूनच धडधडायचं. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली मुलंमुली आता मला हेच विचारतात, म्हणून घडलं तसं क्रमानं लिहिते.

विषय निघाला मार्च २०२४ च्या वर्षअखेरीला. सोसायटीचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर चालणारं. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिची देखभालही बंद केली, पण आमच्याकडे ते रोजचं काम निमूटपणे करत होतं. ऑडिटरनी एक साधी यादी मागितली: एकच माणूस किती थकीत कर्जांना जामीन आहे? सॉफ्टवेअरमध्ये तसा अहवाल नव्हता. आम्ही तिघांनी कर्जाच्या फायली काढल्या आणि रात्री उशिरापर्यंत वहीत नावं उतरवून जुळवली. माहिती समोरच्या संगणकात होती आणि ती त्याला विचारायची कशी हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, ही गोष्ट मला फार लागली. डेटाबेस शिकायचा हे त्याच आठवड्यात ठरलं.

एप्रिल-मे विचारण्यात गेले. बेळगावात एका क्लासचा डेमो बघितला. वेबसाइट बनवण्याचा मोठा कोर्स, त्यात मोंगोडीबी, फी ४२,००० रुपये तीन हप्त्यांत. तिथं सांगितलं, एसक्यूएल (तक्त्यांतल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा) आता जुनं झालं. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, ओरॅकल कर, बँकांत तेच चालतं.’ यांच्या हॉटेलात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, म्हणून हे म्हणाले तेच शिक. जो तो आपल्या समोर जे आहे त्याचं नाव सांगत होता. कुणी खोटं बोलत नव्हतं, पण त्यातून माझा निर्णय होत नव्हता.

‘जुनं झालं’ हे मात्र डोक्यात राहिलं. मग वाचलं. आयबीएममधल्या एडगर कॉडनं माहिती तक्त्यांत मांडायची आणि तक्त्यांचे परस्परसंबंध गणिताच्या शिस्तीनं सांभाळायचे ही कल्पना १९७० साली मांडली. त्यावरून त्याच कंपनीत चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली तीच पुढं एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिचं अमेरिकेत प्रमाणीकरण झालं. संगणकाच्या जगात इतकी वर्षं टिकलेल्या गोष्टी फार थोड्या. माझ्यासारखीला, जिच्याकडे दिवसाला रात्रीचे दीड-दोन तासच आहेत, तिला टिकाऊ गोष्टीवर वेळ घालवणंच परवडणार होतं.

एक वही केली. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, गोवा, पुणे, बेंगळूर इथल्या नोकरीच्या जाहिराती बघायच्या आणि कोणत्या डेटाबेसचं नाव आहे ते लिहायचं. दोन महिन्यांत चित्र दिसलं. एसक्यूएल हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर. बेळगाव-कोल्हापूरच्या लहान कंपन्या मायएसक्यूएल मागत. कारखान्यांच्या ईआरपीच्या, म्हणजे खरेदी-साठा-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जागांना एसक्यूएल सर्व्हर. ओरॅकल मोठ्या कंपन्यांत आणि बँकांची कामं करणाऱ्यांकडे, तेही अनुभव असलेल्यांसाठी. बेंगळूरच्या नव्या कंपन्यांत पोस्टग्रेस, आणि सोबत मोंगो किंवा रेडिस. नुसतं मोंगो मागणारी जाहिरात क्वचित. ही वही तुम्ही कराच. दुसऱ्या शहरातल्या कुणी केलेली यादी चालणार नाही, कारण ज्या गावात तुम्ही राहू शकता तिथल्याच जागा तुमच्या.

जूनमध्ये लॅपटॉप दुरुस्तीला काढला. कॉलेजच्या काळातला. टिळकवाडीत रॅम वाढवून घेतली, १,९०० रुपये, आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, २,६०० रुपये. बॅटरी गेलेलीच होती, ती तशीच ठेवली. खानापूर-बेळगाव जाण्यायेण्याला खर्च नव्हता, कारण जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसना बायकांना शून्य तिकीट आहे. ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. मुलाखतीला कोल्हापूरकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा, राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांना ती सवलत नाही.

पहिला सराव एसक्यूलाइटवर. २००० साली रिचर्ड हिप यांनी बनवलेला हा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, सर्व्हर बसवायची भानगड नाही, पैसे नाहीत. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आत्ताही चालू आहे. सिलेक्ट (ओळी निवडणं), जॉइन (तक्ते जोडणं), ग्रुप बाय (गट करून बेरीज-मोजणी) हे सगळं इथं शिकता येतं. पण सरावाला खरी माहिती हवी होती, आणि ती सोसायटीची, सभासदांची. ती गुपचूप पेनड्राइव्हवर घेणं मला पटत नव्हतं. सेक्रेटरी काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘शिक की, खरं अर्ज दे. संचालक मंडळापुढं ठेवतो.’

मराठीत अर्ज लिहिला. फाइलला कानडी प्रत लागते म्हणून कॅशियर ताईंनी ती करून दिली. जूनच्या सभेला कोरम झाला नाही, विषय जुलैवर गेला. जुलैच्या सभेत एका संचालकांनी विचारलं, सभासदांची माहिती बाहेर गेली तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाच आहे. शेवटी ठराव झाला: नावं, आधार, मोबाइल आणि खातेक्रमांक काढून टाकूनच प्रत द्यायची, आणि काढण्याचं काम सोसायटीच्याच संगणकावर काकांसमोर करायचं. ठरावाची नक्कल मी जपून ठेवली आहे. कुणी ऑफिसच्या माहितीवर सराव करणार असेल तर एवढं लेखी घ्या.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिसमध्ये सरळ उघडतात, तिथून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करता येते. काकांसमोर उघडल्यावर नावांच्या रकान्यात नुसता कचरा दिसला. नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या समान संकेतांत, नव्हतीच. मराठी नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या संकेतांत, काही कानडी, नुडी या फॉन्टच्या, आणि उरलेली इंग्रजीत. आपल्या भागातल्या कुठल्याही सोसायटीत, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जुनी माहिती उघडलीत तर हे दृश्य दिसू शकतं. माझ्या निवडीचा एक निकष तिथं ठरला: मराठी, कानडी आणि इंग्रजी एकाच रकान्यात नीट सांभाळणारा डेटाबेस हवा.

जुलै-ऑगस्टचा खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वीज जाते, तिच्यामागून नेट जातं. म्हणून पोस्टग्रेसची अधिकृत माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये उतरवून ठेवली, फुकट मिळते. काही प्रकरणं प्रिंट काढून घेतली. सासूबाई विचारायच्या, ‘काय वाचालईस एवढं दिव्यावर?’ आणि मुलीला त्याच झोपवायच्या. त्यांच्याशिवाय यातलं काही झालं नसतं.

एसक्यूलाइटच्या मर्यादा लवकर कळल्या. आकड्याच्या रकान्यात ‘पाच हजार’ असं अक्षरांत लिहिलं तरी तो घेतो, वेगळी कडक मांडणी सांगितल्याशिवाय अडवत नाही. जामीनदार आणि कर्ज यांचं नातं तपासायचं तर फॉरिन कीची (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यात खरंच आहे का याची) तपासणी आपण चालू करावी लागते. शिवाय एका वेळी एकच जण लिहू शकतो. सोसायटीत दोन काउंटर असतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही बसवले आणि तीच माहिती दोन्हींत भरली. मायएसक्यूएल १९९५ चा, पुढं सन या कंपनीकडे आणि तिथून २०१० मध्ये ओरॅकलकडे गेला. त्याच्या एका निर्मात्यानं मारियाडीबी ही वेगळी वाट काढली. पोस्टग्रेसचं मूळ १९८६ मध्ये बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात, १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल हे सध्याचं नाव, आणि तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. २०२४ च्याच मार्चमध्ये रेडिसनं परवान्याच्या अटी बदलल्या होत्या आणि लोकांनी व्हॅल्की नावाचा वेगळा प्रकल्प काढला होता. मोंगोडीबीनं २०१८ मध्येच परवाना बदलला होता. ज्याच्यावर वर्षभर रात्री घालवायच्या त्याचा मालक कोण हे बघून घ्यावं.

दोन्हींत माहिती भरताना पोस्टग्रेसनं मला जास्त अडवलं. काही तारखा जुन्या फाइलमध्ये अक्षरांच्या रकान्यात होत्या, त्यांत ३१ जून निघाला. पोस्टग्रेसनं ती ओळ परत केली. नियमांच्या बाबतीतही तसंच. मायएसक्यूएलमध्ये चेक कन्स्ट्रेंट (रक्कम शून्याखाली नको, असा रकान्याचा नियम) लिहिता यायचा, पण २०१९ मधल्या ८.०.१६ आवृत्तीपर्यंत तो पाळलाच जात नसे. आता पाळला जातो. शिकणाऱ्याला अडवणारा डेटाबेस बरा, असं माझं मत त्या महिन्यात झालं आणि पुढचा सराव पोस्टग्रेसवर केला.

नावांची परीक्षा मी वेगळी घेतली. खरी नावं नव्हतीच, म्हणून आपल्याकडची आडनावं स्वतः टाइप केली, निम्मी फोनवर, निम्मी संगणकावर. ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर काही ओळी आल्याच नाहीत. पडद्यावर दोन्ही ‘कुऱ्हाडे’ हुबेहूब सारखे. लांबी मोजायला सांगितली: एकाची ८, दुसऱ्याची ९. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. तिसराही प्रकार असतो, र खाली नुक्ता (टिंब) देऊन केलेला. पोस्टग्रेसमध्ये २०२० च्या १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं) आहे, त्यानं नुक्त्याचा प्रकार सुटतो. अदृश्य जोडचिन्हाचा सुटत नाही, तो रिप्लेस वापरून आपण बदलून घ्यायचा. हे कुठल्या कोर्समध्ये मला दिसलं नव्हतं, आणि आपल्या भागात याची गरज रोज पडते. दुसऱ्या दिवशी सोसायटीत जाऊन सांगितलं की उद्या नवं सॉफ्टवेअर आलं तरी सभासद नुसत्या नावावरून शोधू नका, सभासद क्रमांक घाला.

दिवाळीच्या आसपास ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतील, नाहीतर एकही नाही, असा व्यवहार) शिकले, आणि खरं सांगते, इथं मला हा विषय आवडायला लागला. एकाच लॅपटॉपवर पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या उघडायच्या, हे दोन काउंटर समजायचे. खात्यात ५,००० रुपये. दोन्ही खिडक्यांत शिल्लक वाचली: ५,०००. पहिल्या काउंटरनं ३,००० दिले आणि शिल्लक २,००० लिहिली. दुसऱ्यानं ४,००० दिले आणि शिल्लक १,००० लिहिली. खात्यात १,००० उरले आणि पाच हजारांच्या खात्यातून सात हजार गेले. मग तेच सिलेक्टच्या पुढं फॉर अपडेट (माझं होईपर्यंत ही ओळ राखून ठेव) लावून केलं. दुसरी खिडकी थांबून राहिली. पहिलीत कमिट, म्हणजे व्यवहार पक्का, केल्यावर ती हलली आणि तिला २,००० दिसले. हे थांबणं मी मुलीलाही दाखवलं होतं, तिला काही कळलं नाही, पण मला कुणाला तरी दाखवायचं होतं.

आणि एकदा असाच सराव करताना वीज गेली. बॅटरी नसल्यामुळे लॅपटॉप तिथंच बंद. वीज आल्यावर बघितलं: कमिट केलेल्या सगळ्या ओळी जागेवर, अर्धवट राहिलेल्या व्यवहारातली एकही नाही. पोस्टग्रेस कमिट झाल्याचं सांगण्याआधी बदल लॉगमध्ये डिस्कवर लिहून घेतो, हे पुस्तिकेत वाचलं होतं. डोळ्यांनी बघितल्यावर भीती गेली.

डिसेंबरमध्ये मोंगोडीबीला महिना दिला. यात तक्त्यांऐवजी एका गोष्टीची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवतात. त्यांचे अधिकृत कोर्स फुकट आहेत आणि चांगले आहेत. कर्जाच्या नोंदीतच जामीनदारांची माहिती घालून बघितली. एक कर्ज वाचायला फार सोयीचं. पण एकच माणूस चार कर्जांना जामीन असेल आणि त्यानं घर बदललं, तर पत्ता चार ठिकाणी बदलावा लागतो. जामीनदार वेगळे ठेवले तर पुन्हा जोडणी आलीच. ज्या दुकानात साडीला पदर-काठाची माहिती आणि मिक्सरला वॅटची, अशा मालासाठी ते योग्य वाटलं. सोसायटीसाठी नाही. पोस्टग्रेसमध्येही जेसन (अशाच एकत्र नोंदी लिहायचा प्रकार) साठवता येतो हे कळल्यावर मोंगो दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं.

बाकीचे झपाट्यानं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या फुकट आवृत्त्या मिळतात, फरक टिपून ठेवले. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल, म्हणजे माहितीच नाही असं, धरतो. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत मजकुराआधी एन (N) लावला नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. रेडिस म्हणजे काय आणि कॅशे (वारंवार लागणारी माहिती झटपट मिळावी म्हणून जवळ ठेवलेली प्रत) कशाला लागतो एवढं समजून घेतलं. कॅसांड्रा अनेक सर्व्हरवर पसरलेल्या प्रचंड माहितीसाठी, माझ्या वहीतल्या जाहिरातींत तो नव्हता, सोडला. एआयमुळे व्हेक्टर डेटाबेसचा (अर्थानं जवळची माहिती शोधणाऱ्या) गाजावाजा होता, पण पोस्टग्रेसला पीजीव्हेक्टर जोडता येतं हे बघून तोही पुढं ढकलला.

जानेवारी २०२५ इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) आणि एक्सप्लेन (डेटाबेस ओळी कशा शोधणार ते दाखवणारी आज्ञा) यांना दिला. पोस्टग्रेस फॉरिन कीच्या रकान्यावर आपोआप इंडेक्स बनवत नाही. जामीनदाराच्या रकान्यावर तो बनवला आणि एक्सप्लेनमध्ये सेक्वेन्शियल स्कॅन (सगळा तक्ता वाचणं) जाऊन इंडेक्स स्कॅन आला. लहान तक्त्यावर इंडेक्स असूनही तो वापरत नाही, त्यामुळे सरावाला लाखभर खोट्या ओळी बनवून घ्या, जनरेट सिरीज हे फंक्शन त्यासाठीच आहे.

फेब्रुवारीत पुण्याला मुलाखत. रात्रीच्या बसनं गेले, जाऊन-येऊन हजार-बाराशे खर्च, आणि त्यांना तीन वर्षांचा अनुभव हवा होता, जो जाहिरातीत लिहिलेला नव्हता. परतीच्या बसमध्ये रडू आलं. जाण्याआधी फोन करून अनुभवाची अट विचारून घ्या. एप्रिलमध्ये बेंगळूरच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली, त्यात विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीसोबत इतर ओळींवरून क्रम किंवा बेरीज काढणारी) विचारली. पुढं जायचं तर तिथं राहायला जावं लागणार होतं. मुलगी चार वर्षांची, मी नाही कळवलं.

जूनमध्ये बेळगावातल्या कंपनीनं बोलावलं. कागदावर तीन तक्ते दिले, रुग्ण, डॉक्टर, भेटी, आणि पेन्सिलीनं क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधले प्रश्न, लिहायला सांगितल्या. मग विचारलं, दोन रिसेप्शनिस्टनी एकच वेळ दोन रुग्णांना दिली तर? मी दोन खिडक्यांचं सगळं सांगितलं. कुठला डेटाबेस येतो हे त्यांनी शेवटी विचारलं. त्यांच्याकडे मायएसक्यूएल आहे. पोस्टग्रेसवरून तिकडे वळायला थोडे दिवस लागले. ट्रान्झॅक्शनची नेहमीची पातळी (चालू व्यवहाराला इतरांचे बदल कधी दिसतात ती) वेगळी, पोस्टग्रेसमध्ये रीड कमिटेड तर मायएसक्यूएलमध्ये रिपीटेबल रीड, आणि मायएसक्यूएलमध्ये अल्टर टेबल (तक्त्याच्या रचनेत बदल) केलं की ते परत फिरवता येत नाही, हे दोन मुद्दे पहिल्या आठवड्यात भिंतीवर चिकटवले होते.

सोसायटी सोडताना महिन्याची नोटीस, किल्ल्या आणि रजिस्टर सोपवल्याची सही, सगळं रीतसर केलं. अनुभव प्रमाणपत्रात नुसतं ‘क्लार्क’ लिहून घेऊ नका, संगणकावरच्या नोंदी आणि अहवाल हे काम स्पष्ट लिहून मागा. काकांनी आनंदानं लिहून दिलं. पीएफचा यूएएन (कायमचा क्रमांक) तोच राहतो, फक्त जुन्या ठिकाणाहून नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली का ते बघा, नाहीतर रक्कम हलवताना अडतं.

पगार सोसायटीपेक्षा बरा आहे, पुण्याच्या मानानं कमी. घरी संध्याकाळी साडेसातपर्यंत पोचते. सध्या बॅकअप परत चढवून बघण्याचा सराव चालू आहे, दर शनिवारी रिकाम्या मशीनवर. आमच्या एका ग्राहकाकडे एसक्यूएल सर्व्हर आहे, त्यामुळे पुढचे तीन महिने त्याला. नवी वहीसुद्धा सुरू केली आहे, आता तिच्यात हुबळी आणि धारवाडच्या जाहिराती जास्त आहेत.